रोजानं का गुत्त्यानं?

महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन उरकलं की आमच्या शाळेत निकाल वाटतात. झेंड्याच्या खांबाखाली रांगोळी असते, पोरं गोळ्या चघळत उभी असतात आणि सकाळी आठलाच ऊन मानेवर येऊन बसलेलं असतं. यंदाही तसंच झालं. आठवीची दोन प्रगतिपत्रकं मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण त्यांवर गणितासमोर 'पुनर्परीक्षा' असं लिहिलेलं होतं. नापास हा शब्द आम्ही हल्ली लिहीत नाही, पण गाव तो बरोबर वाचतं. एका पोराच्या आजोबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "म्हंजे नापासच ना मॅडम? मंग सरळ सांगा ना."

मी सरळ सांगितलं. पाचवीत आणि आठवीत वार्षिक परीक्षेला राहिलं तर जूनमध्ये पुन्हा परीक्षा, आणि तीतही राहिलं तर त्याच वर्गात आणखी एक वर्ष. तेव्हा उद्यापासून अकरा वाजता दोघांनी खिचडीच्या खोलीत यायचं, वही-पेन आणायचं, मोबाइल घरी ठेवायचा. आजोबांनी मान हलवली. पोरानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्याची सुट्टी मी घरी नेऊन कपाटात ठेवणार आहे. माझीही सुट्टीच जाते, हे त्याला कोण सांगणार!

खिचडीची खोली म्हणजे शाळेचा पोषण आहार जिथे शिजतो ती जागा. आमच्या वर्गांवर पत्रे आहेत. मे महिन्यात सातपुड्याच्या या पायथ्याशी पत्र्याखाली बसून कोणी वर्गमूळ काढू शकत नाही. खिचडीच्या खोलीवर अजून जुनी कौलं आहेत, कोपऱ्यात रांजण आहे, आणि भिंतींना हळदीचा, मसाल्याचा वास कायमचा धरलेला आहे. तो वास आला की मला करुणाचा उन्हाळा आठवतो.

दोन वर्षं झाली त्याला. पुनर्परीक्षेचा नियम तेव्हा नवा होता आणि आमच्या शाळेत पहिल्याच वर्षी त्यात अडकली ती करुणा. मला राग आला होता, आणि तो तिच्यावरच आला होता. कारण ही पोरगी ढ नव्हती. तिचा पेपर मी दोनदा चाळला. अपूर्णांकांचे गुणाकार बरोबर, घातांक बरोबर, वर्गमूळ बरोबर. आणि जिथे जिथे चार ओळींचा शाब्दिक प्रश्न होता, तिथे तिथे कोरं. खाडाखोड नाही, चुकीचा प्रयत्नसुद्धा नाही. पानभर स्वच्छ पांढरी जागा सोडून ती पुढच्या प्रश्नाकडे गेलेली.

करुणाची आई कांताबाई टोळी चालवायची. आमच्याकडे निंदणाची, वेचणीची कामं बायकांच्या टोळ्या करतात. आठ-दहा बाया, एक पुढारीण, आणि शेतमालकाशी बोलणं करायचं ते तिनं. करुणाचे वडील बांधकामावर पुण्याकडे असायचे आणि सणाला यायचे. रविवारी आणि सुट्टीत करुणा आईबरोबर जायची. टोळीत तिला अर्धी मोजत. अर्धी म्हणजे वाटणीत अर्धी. काम ती पुरंच करायची, असं तिनं मला नंतर सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही.

निकालाच्या दिवशी कांताबाई शाळेत आली होती. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हाताला माती. दलित वस्तीतल्या जयंतीच्या निळ्या पताका अजून शाळेच्या कुंपणापर्यंत लोंबत होत्या, त्यांच्या खाली उभं राहून ती बोलली.

"मॅडम, पास झाली तं सोनाळ्याले घालतो नववीले. नाई झाली तं पुन्हा आठवीत नाई बसवत मी. यंदा टोळीत पुरी मोजतीन तिले. पारबताबाईचे गुडघे गेले, एक बाई कमी पडून राह्यली मले."

"अहो, पण एका विषयासाठी..."

"एका इषयासाठी का चार इषयासाठी, मागं राह्यली ते राह्यली. वाढलेली पोरगी लहान पोराईत बसन का?"

यात ओरडा नव्हता, रडारड नव्हती. बाई बाजारात भाव सांगावा तसं सांगून गेली. करुणा शेजारीच उभी होती आणि पायाच्या अंगठ्यानं रांगोळी पुसत होती. आमच्या गावात शाळा आठवीपर्यंत. पुढचं सगळं सोनाळ्याला. तेव्हा त्या उन्हाळ्यात नेमकं काय पणाला लागलं होतं, हे आम्हां तिघींनाही पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं.

मला स्वतःला शाळेत गणित आवडायचं, म्हणून मी गणिताची शिक्षिका झाले. पण ते का आवडायचं, याचा विचार फारसा केला नव्हता. हौदाला दोन नळ लावलेले आणि तळाला एक भोक. हौद कधी भरेल, हे मी चटकन सांगायचे. आमच्या घरी बुलढाण्याला नळ आठवड्यानं यायचा, आला की गल्लीत घागरींची भांडणं लागायची, आणि भोक असलेल्या हौदात पाणी सोडणाऱ्याला लोकांनी चोपलाच असता. तरी मला त्या गणितात काही वावगं दिसायचं नाही. पुस्तकातलं पाणी वेगळं आणि गल्लीतलं वेगळं, ही वाटणी माझ्या डोक्यानं आपसूक केली होती. अशी वाटणी ज्यांना जमते त्यांना हुशार म्हणतात. वर्गातल्या बाकीच्यांना ती कोणी समजावून सांगत नाही, कारण ज्यांना जमते त्यांना ती केल्याचं कळतसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी करुणा आली ती धसकटं वेचूनच. मे महिन्यात नांगरलेल्या रानातली पऱ्हाटीची म्हणजे कपाशीची, तुरीची धसकटं वेचून बांधावर टाकायची असतात. टोळी पहाटे जाते आणि ऊन तापायच्या आत परतते. ती रांजणातून दोन गडवे पाणी प्यायली, तोंड धुतलं आणि माझ्यासमोर बसली. मी तिचा पेपर काढला आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. प्रश्न असा होता: आठ मजूर एका शेताची निंदणी सहा दिवसांत करतात, तर बारा मजूर तीच निंदणी किती दिवसांत करतील?

"हा का सोडलास?"

तिनं पेपराचा कोपरा दुमडला.

"येत नव्हता?"

"येत होता."

"मग सोडला काऊन?" मी चिडले की माझ्याही तोंडात वऱ्हाडी येते.

"प्रश्न अर्धाच होता मॅडम."

मी प्रश्न पुन्हा वाचला. मला तो चांगला पुरा दिसत होता. "काय नाही त्यात?"

"रोजानं का गुत्त्यानं, ते लिहेलच नाई."

ज्यांना आमच्याकडची शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रोजानं म्हणजे दिवसाच्या मजुरीवर. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, दिवस भरला की मजुरी. गुत्त्यानं म्हणजे सगळ्या शेताचं काम एकदम अंगावर घ्यायचं, आणि मग ते दोन दिवसांत करा की चारांत, तुमची तुम्ही जाणा. मला हे दोन्ही शब्द ठाऊक होते. या प्रश्नाशी त्यांचा काय संबंध, हे मात्र मला तिनं शिकवायला लागलं. तिनं एकेक बोट दुमडत सांगितलं.

"रोजानं असलं तं बारा बाया लावा का सोळा लावा, मालक बांधावर नसला तं दिवस तेवढेच लागतात. बाया जास्त तं गोष्टी जास्त. अन् गुत्त्यानं असलं तं सहा दिवसांचं काम आठ बाया चारच दिवसांत फेकतात, बारा कशाले पायजेत? मंग मी काय लिहू? दोन उत्तरं येतात. म्हून सोडलं."

मी हसले. मग ती हसत नाही हे पाहिलं आणि थांबले. तिनं तो प्रश्न आळसानं सोडला नव्हता. तिला चुकीचं लिहायचं नव्हतं. भिंत बांधणाऱ्या गवंड्यांचा प्रश्न तिनं याच कारणानं सोडला होता, आणि हौदाचा सोडला होता तो नळाला पाणी किती जोरानं येतं आणि मधे लाइट जाते का हे लिहिलं नव्हतं म्हणून. पुस्तकात जे प्रश्न खास खेड्यातल्या मुलांच्या ओळखीचे म्हणून घातलेले असतात, शेताचे, मजुरांचे, विहिरीचे, तेच नेमके तिला अडले होते. रेल्वे आणि फलाटाचं गणित तिनं बिनचूक सोडवलं होतं, कारण रेल्वेत ती कधी बसलीच नव्हती.

हे मी पुढे एका प्रशिक्षणात सांगितलं. गणित अध्यापन कसं सुधारावं यावर तालुक्याला दरवर्षी प्रशिक्षण होतं. पंखा फिरतो, पडद्यावर चित्रं दिसतात, रंगीत ठोकळे वाटतात. ठोकळे चांगले आहेत, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या शाळेतली ठोकळ्यांची पेटी कपाटात कुलूपबंद असते, कारण एखादा हरवला तर जबाबदार कोण, हे अजून ठरलेलं नाही. तिथे पोरांना परिसरातली उदाहरणं द्या, असं दरवर्षी सांगतात. मी हात वर करून म्हटलं, परिसरातलं उदाहरण दिलं की पोर परिसरासकट आत येतं, त्याचं काय करायचं? साहेब म्हणाले, "छान आहे, नवोपक्रम म्हणून फोटोसह पाठवा." आता याचा फोटो कसा काढतात ते मला ठाऊक नाही, म्हणून राहिलं.

पण त्या पहिल्या दुपारी मी पंचाईतीत पडले होते. प्रश्नात गृहीत धरलंय की सगळे सारखंच काम करतात, असं मी सांगितलं. गृहीत म्हणजे काय, तिनं विचारलं. समजून चालायचं, मी म्हटलं. कोणी सांगितलं, ती म्हणाली. आणि खरंच, कोणी सांगितलेलं नसतं. पुस्तकाला ते सांगावंसं वाटत नाही, मला वाटलं नव्हतं, आणि माझ्या गुरुजींनाही नाही. उन्हाची वावटळ उठली, खिडकीतून पाचोळा आत आला. मी उठून खिडकी ओढून घेतली.

मग मी सहज विचारलं, "तुझी आई गुत्तं घेते तेव्हा पहिल्यांदा काय करते?"

"बोली करते."

बोली म्हणजे अटी ठरवणं. बांधावर उभं राहून कांताबाई मालकाशी बोलून घेते: पूर्ण शेत का अर्धं, पिण्याचं पाणी कोण आणणार, पाऊस आला तर तो दिवस कोणाचा, धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं गवत यात धरलं का नाही. हे सगळं ठरल्याशिवाय एकही बाई खुरपं हातात घेत नाही. नंतर भांडण नको म्हणून.

"मग इथेही बोली कर," मी म्हटलं. "मालक नाही इथे. तूच कर. काय ठरवलंस ते एका ओळीत लिही आणि मग काम सुरू कर."

तिनं पेन घेतलं, बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि लिहिलं: सगळ्या बाया सारख्या जोरानं काम करतात, कोणी खाडा करत नाही. मग खाली आठ गुणिले सहा, भागिले बारा, चार दिवस. हे करायला तिला दोन श्वासांइतकाही वेळ लागला नाही. वर पाहून म्हणाली, "अशा बाया कुठं असतात मॅडम?"

"गणितात असतात."

"मंग तिथली टोळी माये आईले पायजे," ती म्हणाली, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हसली.

इथे सगळं सोपं झालं असं कोणाला वाटेल. झालं उलटंच. बोली करायची मुभा मिळाल्यावर करुणा कशावरही बोली करायला लागली. पाच मुलांत आंबे वाटायचे तर आंबे गावरान का कलमी, एखादा नासका निघाला तर तो कोणाच्या वाट्याला? आयताकृती अंगणाला कुंपण घालायचं तर फाटक ठेवायचं का नाही? एका उदाहरणाला अर्धा तास. परीक्षेत एवढा वेळ कोण देणार? जूनची तारीख तर जवळ येत होती. एका दुपारी माझं डोकं तापलं. "असंच करत बसलीस तर पेपर संपायच्या आत पेरणी होईल," मी म्हटलं. ती खाली मान घालून बसली. टोळीचं नाव मी घेतलं नव्हतं, पण ते दोघींनाही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली. रानात जाता-येता तिनं विचार केला असावा. म्हणाली, "मॅडम, रंगाची बोली लागत नाई."

"कसली?"

"आंबे पिवळे का हिरवे, त्यानं उत्तर बदलत नाई. मंग ते कशाले ठरवा? फाटकानं बदलते, ते ठरवा लागते. जिच्यानं उत्तर बदलते तेवढीच बोली."

मी पंचवीस वर्षं गणित शिकवते आहे. प्रश्न लक्षपूर्वक वाचा, काय दिलंय ते लिहा, काय काढायचंय ते लिहा, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! यापुढची ही चौथी गोष्ट, काय धरून चाललोय ते लिहा, माझ्या फळ्यावर कधी आली नव्हती. मला त्या दिवशी फार आनंद झाला. घरी जाताना स्कूटी रस्त्याकडेला लावून मी उसाचा रस प्यायले, एकटीच, आणि एक नाही, दोन ग्लास.

तेव्हापासून काम रुळावर आलं. सकाळी धसकटं, दुपारी गणितं. बाहेर झळा चाललेल्या, कौलांवर खारी पळायच्या, मधूनच आइस्क्रीमवाल्याचा भोंगा यायचा. एकदा कांताबाई डबा द्यायला म्हणून आली आणि दारातच थांबून राहिली. करुणा मला समजावत होती, की एक बाई कमी झाली की दिवस वाढतात आणि एक वाढली की कमी होतात, पण बोली पक्की असली तरच. कांताबाईनं ते सगळं ऐकलं.

"हेच शिकून राह्यली का तू?"

"हाव माय."

"हे तं मले येते."

"तुले तोंडानं येते. मले कागदावर पायजे," करुणा म्हणाली. डबा ठेवून, लेकीच्या दुपट्ट्याला चिकटलेली काडी काढून कांताबाई निघून गेली.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. गावात जो तो बियाण्याच्या पिशव्या आणि ढग मोजत होता. परीक्षेच्या दिवशी वर्गात करुणा आणि आणखी एक पोरगा, दोघेच. पेपरात शाब्दिक प्रश्न होतेच, आणि त्यांत पंधरा गवंडी एक भिंत बांधत होते. मी खिडकीशी उभी राहून बाहेर पाहत होते, कारण आत पाहवत नव्हतं. तपासायला घेतलं तेव्हा प्रत्येक शाब्दिक उदाहरणाच्या डोक्यावर एक ओळ होती. त्या ओळींना गुण द्यायची सोय कुठे नव्हती. मी त्यांच्या खाली पेन्सिलीनं बारीक बरोबरची खूण केली, आणि गुण द्यायचे ते उत्तरांना दिले. ती पास झाली. भरपूर गुणांनी नाही, पण ओढूनताणूनही नाही.

आता माझ्या वर्गात सहावीपासूनच कुठलंही शाब्दिक उदाहरण वाचलं की पोरं ओरडतात, "बोली!" पाहुणे आले की दचकतात. यातून सगळ्या पोरांचं गणित सुधारलं, असं मी म्हणणार नाही. यंदाच्या दोघांची अडचण वेगळीच आहे, एकाला भागाकारच येत नाही, आणि त्याला माझी कुठलीही गोष्ट सांगून उपयोग नाही; त्याच्याबरोबर बसून भागाकारच करावे लागतील. कोरी जागा दिसली की मात्र आता मी आधी विचारते, आणि मग चिडते. हा क्रम बदलायला मला पंचवीस वर्षं लागली.

करुणानं यंदा दहावी दिली. निकाल यायचा आहे. गणिताच्या पेपरानंतर तिचा फोन आला होता. "मॅडम, कागदावर बोली पुरी होती. एकच प्रश्न अर्धा सोडेल होता त्याईनं, तो मी पुरा करून घेतला." मी म्हटलं, बरं केलंस.

पण या ऋतूत मला आठवते ती त्या जूनमधली सकाळ. पहिली पेरणी होऊन गेली होती, रानं अजून काळीच होती. कांताबाई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली होती. करुणा सोनाळ्याच्या ऑटोत जाऊन बसलीसुद्धा होती, नवीन दप्तर मांडीवर धरून. बाहेर रस्त्यावर टोळीच्या बाया खुरपी घेऊन थांबल्या होत्या. कांताबाईनं दाखल्याची घडी करून ब्लाउजात ठेवली.

मला राहवलं नाही. "कांताबाई, तुमच्या टोळीत तर एक बाई कमीच पडत होती. आता निंदण आलं की कसं करणार?"

ती माझ्याकडे पाहत राहिली, मला एवढंसुद्धा कसं येत नाही, अशी.

"कसं म्हंजे? बाई कमी तं दिवस जास्त. तेच तं शिकून राह्यल्या होत्या ना तुमी दोघी." तिनं ऑटोकडे पाहिलं, डोक्याचा दुपट्टा आवळला आणि खुरपं उचललं. "दिवस वाढतीन मॅडम. वाढू द्या."